शनिवारची सोबत

आजोळी रेवदंड्याला गेलं की रात्री मला शेजारी पाठवायचे, सोबतीला. शेजारच्या आजी एकट्या राहायच्या. यजमान वारलेले, दोन्ही मुलगे इस्रायलला, बीरशेबाला गेलेले. जेवणं आटोपली की माझी आजी मागीलदारून हाक द्यायची, ‘जा गो आता, त्या वाट बघत असतील.’ मी आठ-नऊ वर्षांची. उशी काखोटीला मारून कुंपणातल्या वाटेने जायचे. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक बोटभर लांबीची नळी तिरकी ठोकलेली होती. आजी येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायच्या. माझा हात पोचत नसे, म्हणून मी उडी मारून ती शिवायचे. तिला मेझुझा म्हणतात हे फार नंतर कळलं.

चोर आलाच, तर ही चिमुरडी काय करणार, हा प्रश्न दोन्ही घरांत कधी कुणाला पडला नाही. सोबतीने काही करायचं नसतंच. घरात दुसरा श्वास ऐकू आला की झालं. खरं तर रात्री घाबरायचे ती मीच. नारळाची झावळी पडली की दचकून उठायचे, आणि आजी त्यांच्या बाजेवरून म्हणायच्या, ‘झोप गो बाय, मी जागी हाय.’

शनिवारी सकाळी मात्र मला खरंच काम असे. त्या दिवशी त्या विस्तवाला हात लावत नसत, म्हणून स्टोव्ह मी पेटवायचे. माझ्या हाती काडेपेटी देणारं ते जगातलं एकमेव घर होतं. गावातले म्हातारे त्यांच्या समाजाला ‘शनवार तेली’ म्हणायचे. तेलाचे घाणे चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हा शब्द मला पुस्तकात भेटला; गावात तो कुणी वापरल्याचं आठवत नाही. पुढे आजीही मुलांकडे गेल्या. काही वर्षं त्यांची मराठी पत्रं यायची, तिरक्या अक्षरात, हवेविषयी तक्रार करणारी. मग तीही थांबली.

हे सगळं विसरून गेले असते. आठवलं ते एका संस्कृतच्या अभ्यासकामुळे.

एम.ए.ला असताना डेव्हिड शुलमन यांच्या लेखांच्या झेरॉक्स आमच्यात फिरायच्या. माणूस अमेरिकेतल्या आयोवात जन्मलेला, १९६७ साली इस्रायलला गेलेला, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आयुष्यभर शिकवलेला. आणि विषय संस्कृत, तमिळ, तेलुगू. केरळातल्या कूडियाट्टम ह्या संस्कृत नाट्यपरंपरेवर त्यांनी मन लावून लिहिलंय. आपल्याच अंगणातली तुळस परक्याने येऊन नीट पाहावी आणि आपल्याला दाखवावी, तसं त्यांचं वाचताना व्हायचं. (थोडा रागही यायचा, हे कबूल करते.) बऱ्याच वर्षांनी त्यांचा एक लेख इंटरनेटवर शोधत होते. तो मिळाला नाही. मिळाली ती वेगळीच टिपणं: १९६७च्या युद्धात इस्रायलने ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँकेत, दक्षिण हेब्रॉनच्या डोंगरात, शनिवारच्या दिवशी, पॅलेस्टिनी मेंढपाळांबरोबर. समोर सैनिक, बाजूला बंदुका घेतलेले वसाहतवाले, म्हणजे तिथे येऊन वस्ती केलेले इस्रायली, आणि मध्ये हा संस्कृतचा प्राध्यापक मेंढरांच्या मागे चाललेला.

ते ज्या गटाबरोबर जात, त्याचं नाव तआयुश. अरबीत अर्थ साधा आहे, एकमेकांसह जगणं. २००० सालच्या शरदात, दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटत असताना, इस्रायलमधल्या ज्यू आणि पॅलेस्टिनी लोकांनी तो सुरू केला. २०१६ साली शुलमन यांना इस्रायल पुरस्कार मिळाला, त्या देशातला सर्वोच्च. त्याची रक्कम त्यांनी तआयुशला देऊन टाकली.

मला त्यात अडकवलं ते शनिवारने. ज्यांच्या शब्बाथला विस्तव पेटू नये म्हणून मी स्टोव्ह पेटवायचे, त्यांच्यातलेच काही लोक त्याच दिवशी गाडी काढून डोंगरात जातात. त्यांच्यातले बरेचसे धर्म न पाळणारे आहेत, हे खरं. पण गेली तीस-पस्तीस वर्षं ह्याच कामात रब्बीही आहेत, आणि जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, हे त्यांच्या धर्मशास्त्रातच आहे.

डोंगरात जाऊन ते करतात काय? मी अनेक दिवस व्हिडिओ पाहिले, अहवाल वाचले, आणि माझी थोडी निराशाच झाली, कारण ते फारसं काही करतच नाहीत. मेंढपाळ कळप घेऊन निघाला की त्याच्याबरोबर चालतात. दगडावर बसतात. मरामिया, म्हणजे तिकडची सेजची पानं घातलेला गोड चहा पितात. शेजारच्या टेकडीवर वसाहतवाल्यांनी एक ठाणं टाकलेलं असतं: एक कंटेनर, एक गोठा, एखादं कुटुंब आणि चार-पाच पोरं. असली ठाणी इस्रायलच्या स्वतःच्या कायद्यानेही परवानगीशिवायची, तरी त्यांना वीज पोचते, पाणी पोचतं, रस्ता होतो. तिथून कुणीतरी चार चाकांच्या डोंगरी मोटारसायकलवर येतं आणि गाडी सरळ कळपात घालतं. कधी वर ड्रोन सोडतात. मेंढरं उधळतात, गाभण असतील तर गाभ पडतो. कधी स्वतःचाच कळप आणून गावकऱ्यांच्या उभ्या सातूत सोडतात. अशा वेळी सोबतीला आलेली माणसं फोन वर धरून चित्रण करत राहतात आणि पोलिसांना बोलावतात.

पोलीस येतात तेव्हा येतात. बहुधा आधी लष्कर येतं. अधिकारी खिशातून एक कागद काढतो, नकाशा जोडलेला: हा भाग आजपुरता बंद लष्करी क्षेत्र. मेंढपाळाने निघावं, पाहुण्यांनी निघावं. टेकडीवरचे मात्र तिथेच उभे. मग हुज्जत सुरू होते. सही आहे का, तारीख आहे का, नकाशाची हद्द नक्की कुठून? हे प्राध्यापक, वकील, निवृत्त शिक्षक त्या रणरणत्या उन्हात कागदाचा कीस पाडत उभे असतात, आणि त्या अर्ध्या तासात मेंढरं आणखी चार घास खाऊन घेतात. कित्येक शनिवारांची कमाई एवढीच, चार घास.

त्या चार घासांना इतकी किंमत का, हे समजायला जमिनीचा कायदा पाहावा लागतो, आणि इथे सातबाऱ्यावर वाढलेल्या मराठी माणसाचे कान टवकारतात. वेस्ट बँकेतली जेमतेम एक तृतीयांश जमीन १९६७ पूर्वी जॉर्डनच्या राजवटीत रीतसर नोंदवली गेली होती. युद्धानंतर इस्रायलच्या लष्कराने नोंदणीचं काम थांबवलं. उरलेल्यांकडे काय? करभरणीच्या जुन्या पावत्या, शेजाऱ्यांची साक्ष आणि बापजाद्यांची वहिवाट. मग १८५८ सालचा ऑटोमन जमीन कायदा पुढे आला. त्यात सलग तीन वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीवर सरकार हक्क सांगू शकतं अशी तरतूद आहे. तिच्या आधाराने लाखो एकर जमीन ‘सरकारी’ ठरली. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ ही कुळांची घोषणा होती. तिथे तीच उलटी फिरली: कसू दिलं नाही, की जमीन गेली. म्हणून नांगरणीच्या दिवशी सोबत लागते, पेरणीला लागते, ऑक्टोबरात ऑलिव्ह उतरवायला तर लागतेच. २०२५च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने वसाहतवाल्यांचे २६०हून अधिक हल्ले नोंदवले. २००६ साली मोजणी सुरू झाल्यापासून एका महिन्यातला हा तोवरचा सगळ्यात मोठा आकडा.

घर बांधायचं तर परवाना हवा. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या १९९०च्या दशकातल्या ओस्लो कराराने ‘क’ क्षेत्र ठरवलेला, पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यातला भाग म्हणजे वेस्ट बँकेचा सुमारे साठ टक्के. तिथे २०१६ ते २०१८ ह्या तीन वर्षांत पॅलेस्टिनींनी १,४८५ अर्ज केले. मंजूर झाले २१. म्हणून शेड, संडास, सौर पॅनेल, सगळंच बेकायदा, आणि बुलडोझर मात्र कायदेशीर.

मसाफेर यट्टा हा त्या डोंगरातला दक्षिणेचा तुकडा. खडकातल्या गुहांत आणि त्यांच्या तोंडाशी बांधलेल्या खोल्यांत राहणारे मेंढपाळ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ९१८ क्रमांकाचं युद्धसरावाचं क्षेत्र जाहीर झालं. १९९९ साली सुमारे सातशे माणसांना ट्रकांत घालून बाहेर काढलं. कोर्टाच्या तात्पुरत्या हुकुमाने ती परतली आणि खटला बावीस वर्षं चालला. ४ मे २०२२ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली: इथे तुमची कायमची वस्ती होती हे सिद्ध होत नाही. तिकडे बऱ्याच पाड्यांच्या नावापुढे ‘खिरबेत’ लागतं. त्या शब्दाचा अर्थच मुळी पडकी जागा, अवशेष. पडक्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या कोण राहतं, हे न्यायालयाला हवाई छायाचित्रांत दिसलं नाही.

एक गोष्ट मी मैत्रिणींना नेहमी सांगते आणि त्यांना ती खोटी वाटते. त्या भागात तुबा नावाचा एक पाडा आहे. तिथल्या मुलांची शाळा अत-तुवानी गावात. वाट वीस मिनिटांची, पण हवात माओन नावाच्या ठाण्याला लागून जाणारी. ठाण्यावरचे लोक दगड घेऊन मुलांच्या मागे लागायचे, म्हणून मुलं डोंगराला वळसा घालून तासन्‌तास चालायची. २००४ साली परदेशी स्वयंसेवक त्यांच्याबरोबर त्या जवळच्या वाटेने निघाले. वसाहतवाल्यांनी साखळ्या आणि काठ्यांनी त्यांना एवढं मारलं की दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याचा गवगवा झाला, इस्रायलच्या संसदेपर्यंत गेला, आणि ठरलं काय, तर मुलांना रोज लष्कराची जीप शाळेत पोचवील. ठाणं हलवायचं नाही. पाच-सात वर्षांची पोरं, पाठीवर दप्तरं, पुढे-मागे लष्करी जीप. देशाच्याच नागरिकांपासून मुलांना वाचवायला देशाचं लष्कर! आणि जीप वेळेवर येते की नाही हे टिपून ठेवायला पुन्हा स्वयंसेवक, वही घेऊन टेकडीवर बसलेले. सोबतीची सोबत.

मला ह्यात एक खटकतं, ते लिहायला हवं. दोन मेंढपाळ उभे असतील तर टेकडीवरचे दगड मारतात. त्यांच्या शेजारी जेरुसलेमची पांढऱ्या केसांची एक बाई उभी राहिली की थांबतात, निदान पूर्वी थांबायचे. म्हणजे त्या बाईचं असणं कामाला येतं ते तिचा जीव मेंढपाळाच्या जिवापेक्षा महाग धरला जातो म्हणून. एकाच डोंगरावर दोन कायदे आहेत. वसाहतवाल्याला अटक झाली तर चोवीस तासांत नागरी न्यायाधीशासमोर उभं करायचं. पॅलेस्टिनीला लष्करी कायद्याखाली शहाण्णव तास ठेवता येतं. येश दिन ही इस्रायली संस्था २००५पासून पोलिसांच्या फायली मोजत आली आहे. वसाहतवाल्यांच्या हिंसेच्या सुमारे ९४ टक्के तक्रारी आरोपपत्राशिवाय बंद होतात. कार्यकर्त्यांना हे सगळं ठाऊक आहे. विषमतेचाच उपयोग करून विषमता अडवायची, हा पेच घेऊनच ते दर आठवड्याला गाडीत बसतात. संध्याकाळी ते घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ करणार, आणि मेंढपाळ त्याच टेकडीखाली झोपणार, हेही त्यांना कळतं. म्हणून पुढे पुढे ते रात्रीचे राहू लागले. अंगणात गाद्या, पाळ्या लावून जागायचं, विजेरी टेकडीच्या दिशेने. यजमान त्यांना भाकऱ्या देतात, पांघरुणं देतात. आलेली सोबत रात्री कुत्रं भुंकलं की दचकते आणि घरचे म्हातारे सांगतात, झोपा, आमची माणसं जागी आहेत.

मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. हमासने दक्षिण इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली. त्यांत होलित ह्या किबुत्झमधला, म्हणजे सामुदायिक वस्तीतला, हाईम कात्समन होता, बत्तीस वर्षांचा. धार्मिक झायोनिझमवर, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाच्या धार्मिक प्रवाहावर, पीएच.डी. केलेला, बागकाम करणारा, आणि दक्षिण हेब्रॉनच्या डोंगरात पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या सोबतीला जाणारा. त्याच्या भावाने अंत्यसंस्काराच्या वेळी सांगितलं की आमचं दुःख दुसऱ्या निरपराधांना मारायला वापरू नका. त्या महिन्यात ते ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

डोंगरावर तर सगळं एका आठवड्यात पालटलं. टेकडीवरची पोरं राखीव दलात भरती होऊन लष्करी गणवेशात आली. काल दगड मारणारा आज बंद क्षेत्राचा हुकूम सोडू लागला. रामल्लाच्या पूर्वेला वादी अस-सीक नावाचा पाडा होता. १२ ऑक्टोबरला तो उठला. तिथे पॅलेस्टिनी माणसांना बांधून, कपडे उतरवून तासन्‌तास मारलं, आणि सोबतीला गेलेल्या इस्रायली कार्यकर्त्यांनाही अडवून धरलं. पांढऱ्या केसांची किंमत संपली होती.

झनूताची गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. सुमारे अडीचशे वस्तीचा पाडा, हेब्रॉनच्या दक्षिणेला. ऑक्टोबर संपता संपता ते लोक निघाले. स्वतःच्या हातांनी पत्रे उतरवले, खांब उपटले, गाड्यांवर बांधले. पत्रा घेऊन जाणारा माणूस परतायच्या आशेने जातो की आशा सोडून, मला ठरवता येत नाही. मागे युरोपीय मदतीने बांधलेली शाळा होती; तीही कुणीतरी पाडून टाकली. मग वकील कोर्टात गेले आणि, आश्चर्य म्हणजे, जिंकले. २०२४च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, ह्यांना परत जाऊ द्या आणि संरक्षण द्या. ऑगस्टात लोक परतले. पण प्रशासन म्हणालं, राहा, छप्पर घालू नका. ही पुरातत्त्वाची जागा आहे. घराला छप्पर नाही, गोठ्याला छप्पर नाही, पाण्याच्या टाक्या फुटलेल्या, आणि टेकडीवरचा शेजारी पुन्हा आपला कळप घेऊन हजर. महिनाभरात ते पुन्हा निघाले. कोर्टाचा निकाल अजून त्यांच्याच बाजूने आहे.

ऑक्टोबर २०२३ नंतरच्या दोन वर्षांत अशा दोन हजारांहून अधिक माणसांनी पाडे सोडले. कुणाच्या हाती नोटीस नव्हती. एकेका रात्रीने त्यांना उठवलं.

२०२५च्या मार्चमध्ये मसाफेर यट्टावरच्या एका माहितीपटाला ऑस्कर मिळालं. दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शक. महिनाही उलटला नाही, तोच त्यांच्यापैकी हमदान बल्लाल यांना सुस्यातल्या त्यांच्या घरापाशी मारहाण झाली आणि वर लष्करानेच रात्रभर डांबून ठेवलं. मग जुलै. उम्म अल-खैर हा कार्मेल वसाहतीच्या कुंपणाला खेटून असलेला बदूंचा, म्हणजे मूळच्या भटक्या अरब पशुपालकांचा, पाडा. १९४८नंतर नेगेवच्या वाळवंटातून हुसकावलेली ही माणसं इथे येऊन राहिली. वसाहत आली त्यानंतर तीसएक वर्षांनी. तिथले औदा हथालीन इंग्रजीचे शिक्षक. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला चहा पाजणारे, रात्रीची गादी कुठे घालायची ते सांगणारे. वय एकतीस. २८ जुलैला वसाहतवाल्यांचा खोदकामाचा जेसीबी गावात घुसला. औदा थोडे दूर उभे राहून चित्रण करत होते आणि गोळी छातीत लागली. ज्या वसाहतवाल्याच्या हातात दुसऱ्या एका चित्रणात पिस्तूल दिसतं, तो झनूताच्या टेकडीवरच्या ठाण्याचाच. त्याच्यावर अमेरिकेने २०२४ साली निर्बंध लादले होते आणि २०२५च्या जानेवारीत ते उठवले होते. गोळी स्वसंरक्षणासाठी झाडली, असं त्याचं म्हणणं. काही दिवसांत तो सुटला. औदांचा मृतदेह मात्र घरच्यांना मिळायला दहाएक दिवस लागले; गावातल्या बायकांनी त्यासाठी उपास धरला होता.

औदांचं नाव मी आधी अनेकदा वाचलं होतं, कारण सोबतीला गेलेल्या प्रत्येकाच्या टिपणात ते यायचं. अरे, म्हणजे इतकी वर्षं सोबत करत होता तो कोण, असं मनात आलं. पाहुण्यांना झोपवून जागा राहणारा तो होता.

बीरशेबा ह्या डोंगरांपासून तासाभराच्या अंतरावर आहे. आजींचे मुलगे, नातवंडं तिथेच असतील. त्यांनी ह्या पाड्यांची नावं ऐकलीत का, ऐकून त्यांना काय वाटतं, मला कल्पना नाही, आणि माझ्या सोयीचं काही त्यांच्या तोंडी घालणार नाही. कदाचित सात ऑक्टोबरला त्यांच्याही घरातलं कुणी गेलं असेल.

२०२४च्या सप्टेंबरात आमच्या बाथरूमची फरशी बदलायचं काम चालू होतं. फरशीवाला परभणीकडचा, पंचविशीतला, हात फार साफ. एक दिवस दुपारी म्हणाला, ‘मॅडम, उद्या येणार नाही, औंधला इस्रायलची भरती आहे.’ वेस्ट बँकेतले सुमारे दीड लाख मजूर पूर्वी इस्रायलमध्ये कामाला जायचे. युद्ध सुरू होताच त्यांचे परवाने थांबले, आणि त्या जागा भरायला भारतातून सेंटरिंगवाले, लोखंड बांधणारे, गिलाव्यावाले, फरशीवाले नेले जात होते. पगार महिना लाखाच्या वर. मसाफेर यट्टातल्या कित्येक घरांत बाप बांधकामावर जायचा आणि मेंढरं आई, आजोबा पाहायचे. आता बापही घरी, आणि मेंढरांना कुरण नाही.

‘तिकडं कसं हाय हो, मॅडम?’ त्याने विचारलं. मी त्याला बॉम्बपासून बचावाच्या खोल्यांविषयी सांगितलं, करार नीट वाच म्हणाले, एजंटला पैसे देऊ नकोस म्हणाले. तो कुणाच्या जागी जाणार आहे, ते जिभेवर आलं होतं. त्याच्या बहिणीचं लग्न डिसेंबरात होतं. मी बोलले नाही.

‘आणि आपलं कुणी हाय का तिकडं? मराठी बोलणारं?’

‘आहेत की,’ मी म्हणाले. ‘बीरशेबाला आहेत, दिमोनाला आहेत. अलिबाग, रेवदंड्याकडून गेलेले.’

‘मग सोबत हाय,’ तो म्हणाला, आणि फरशीवरचं पांढरं सिमेंट पुसायला एक ओलं फडकं मागितलं.